एका अक्षराची हद्द

ती घटना आठवू नये म्हणून मी पुष्कळ खटपट केली, पण ती आजही आठवते. आणि ज्या दिवशी आठवते त्या दिवशी अन्न गोड लागत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. त्या आठवणी मी चारचौघांत तिखटमीठ लावून सांगतो. ही मात्र आजवर कुणाला सांगितलेली नाही, घरातही नाही. आता वय झालं, लपवून मिळवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून लिहितो आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सोलापूर शहराच्या दक्षिणेकडच्या एका ग्रामीण ठाण्यात फौजदार होतो. ठाण्याचं, गावाचं, माणसांचं नाव मी देणार नाही. तालुक्याचं नाव मात्र द्यावंच लागेल, कारण सगळं तिथेच अडकलं.

सोलापूर शहराला लागून दोन तालुके आहेत, उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर. अक्कलकोट तालुक्याला अक्कलकोट आहे, मोहोळ तालुक्याला मोहोळ आहे. या दोघांना मिळून एकच शहर आणि दोघांच्याही कचेऱ्या त्या शहरातच. खेड्यातल्या माणसाला तालुका विचारला की तो नुसतं ‘सोलापूर’ म्हणायचा. उत्तर की दक्षिण, असं पुन्हा विचारलं की गोंधळून सूर्य कुठल्या बाजूला आहे ते बघायचा. त्यात एकाच नावाची गावं. वडगाव, पिंपळगाव अशी नावं जिल्ह्यात तालुक्यागणिक सापडतात. आमच्या या प्रकरणातलं गावही तसंच, उत्तरेतही होतं आणि दक्षिणेतही. कागदावर आम्ही ‘उ. सोलापूर’ आणि ‘द. सोलापूर’ लिहीत असू. त्या एका अक्षरावर गाव कुणाचं, गुन्हा कुणाचा आणि प्रेत कुणी उचलायचं हे ठरत असे.

मला त्या कामाचा फार अभिमान होता. माझ्या टेबलावर आलेल्या प्रत्येक कागदाला मी पहिला प्रश्न विचारायचो, हद्द कुणाची? आपली नसेल तर तिथल्या तिथे शेरा मारून योग्य ठाण्याकडे रवाना. माझ्याकडे कागद तुंबत नसत. ठाण्यातले वयस्कर जमादार माझी थट्टा करत, “साहेब, उद्या यम दारात आला तर त्यालाबी तुमी आधी हद्द इचाराल.” मी हसायचो. मला ते कौतुक वाटायचं.

श्रावणातला दिवस होता, पंचमी तीन-चार दिवसांवर आलेली. दुपारच्या वेळी मैंदर्गीकडचा एक तरुण सायकल हाणत ठाण्यात आला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. बहिणीला सणासाठी माहेरी न्यायला तो मुराळी म्हणून तिच्या सासरी गेला होता. ते गाव माझ्या हद्दीत, भीमेच्या काठावर. तिथे शेजारणींनी त्यालाच उलट विचारलं, “अवो, ती तुमच्याकडंच हाय न्हवं? महिना होत आला की.”

“सायेब, आमच्याकडं ती आलीच न्हाय,” तो सांगत होता. “दाजी समद्या गावाला सांगत सुटलाय, माहेरी धाडली म्हणून. मला बघितलं आन् त्येनं मान खाली घातली. बोलंना की चालंना. सायेब, माज्या भनीचं काय तरी बरंवाईट झालंय.”

त्याचा दाजी म्हणजे त्या गावचा कोतवाल. ज्यांना हा हुद्दा माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कोतवाल हा तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. दवंडी पिटायची, तालुक्याच्या कचेरीत टपाल न्यायचं आणि आणायचं. कलेक्टरपासून सुरू झालेली सरकारची उतरंड मामलेदारावरून, सर्कलवरून, तलाठ्यावरून घसरत ज्या शेवटच्या माणसावर येऊन थांबते तो कोतवाल. त्याच्या खाली फक्त रस्ता.

मी त्याच दिवशी जमादारांना घेऊन गावात गेलो. दीड-दोन तासांत चित्र उभं राहिलं. कोतवालाचं तान्हं मूल उन्हाळ्यात तापाने गेलं होतं. तेव्हापासून बायको डोक्यात फरक पडल्यासारखी वागायची, कधी दिवसभर रडायची, कधी उठून शिवारात चालत सुटायची. घरात कुरबुरी वाढल्या होत्या. आषाढातल्या एका सकाळी ती पितळी तांब्या घेऊन नदीकडे गेली, थोड्या वेळाने तोही गेला. परत येताना तो एकटाच होता आणि तिचा तांब्या त्याच्या हातात होता, हे दोन बायकांनी पाहिलेलं. त्यानंतर रोज कचेरीतून आला की तो नदीकाठाने खाली खाली चालत जायचा, हेही लोकांनी पाहिलं होतं. घराची झडती घेतली. ज्वारीच्या कणगीत, दाण्यांच्या खाली, तो तांब्या निघाला.

तांब्या लपवला, खोटं सांगितलं, रोज नदीवर फेऱ्या मारल्या. प्रेत वर आलं का, हेच बघायला जात असणार. आणखी काय हवं होतं? पंचनामा केला, तांब्या मुद्देमाल म्हणून सील केला आणि कोतवालाला घेऊन ठाण्यात आलो. मेहुण्याची फिर्याद घेतली. कलम ३०२ आणि २०१, म्हणजे खून आणि पुरावा नाहीसा करणं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. बाई बेपत्ता झाली की तिचं वर्णन आसपासच्या सगळ्या ठाण्यांना, शेजारच्या जिल्ह्यांना कळवायचं असतं. मी कळवलं नाही. माझ्या लेखी ती बेपत्ता नव्हतीच, मेलेली होती. आणि खरं बोलायचं तर आणखी एक कारण होतं. कोतवालाचं घर गावाबाहेरच्या वस्तीत होतं. गावातल्या एखाद्या वजनदार घरातली सून नाहीशी झाली असती, तर मी आधी चार जिल्ह्यांना बिनतारी संदेश पाठवले असते आणि मग नवऱ्याला हात लावला असता.

कोतवाल म्हणजे तिशीच्या आतबाहेरचा, काटकुळा माणूस. खुर्ची दूरच, खाली बस म्हटलं तरी बसायचा नाही. साहेबासमोर उभं राहायचं, हे अंगात मुरलेलं.

“बायको कुठं आहे?”

“गेली, सायेब.”

“कुठं गेली?”

“ठावं न्हाय.”

“मग माहेरी गेली असं गावाला का सांगितलंस?”

तो म्हणाला, “काय सांगू सायेब? बायकू कुटं गेली त्ये ठावं न्हाय, आसं कुणी सांगतं व्हय?”

मला ते उर्मट वाटलं. पहिला दिवस तसाच गेला. त्याच्यावर हात उचलला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. उचलला. मीही उचलला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या धंद्यातला जुना डाव टाकला. बाहेरून आत आलो, टोपी टेबलावर ठेवली आणि सहज बोलावं तसं म्हणालो, “तुझी बायको सापडली. जिवंत आहे. सगळा जबाब दिलाय तिने. आता तू सांग.”

या डावात एक ताळा असतो. ज्याने खरोखर जीव घेतलेला असतो त्याचा चेहरा अशा वेळी दगडासारखा होतो, कारण समोरचा थापा मारतोय हे फक्त त्यालाच पक्कं माहीत असतं. हा मात्र भिंतीपासून एकदम पुढे आला. “कुटं? कुटं हाय सायेब? बरी हाय न्हवं? काय खाल्लंबिल्लं का तिनं? कवा आणताय?” एवढं बोलला आणि गुडघ्यांवर बसून ओक्साबोक्शी रडायला लागला. रडता रडता हसत होता. माझे पाय धरत होता.

इतकं ढळढळीत उत्तर समोर आलेलं असताना मी काय म्हणालो? मी म्हणालो, “नाटक झकास करतोस.” मग त्याला सांगितलं की कुणी सापडलेलं नाही, तुझी परीक्षा बघितली. त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू उतरायला किती वेळ लागला हे मी बघत उभा होतो.

बाहेर आल्यावर जमादार हळूच म्हणाले, “साहेब, हा खरा रडला. मी बत्तीस वर्सं माणसं बघतोय.”

“जमादार, तुम्ही आता पेन्शनीला आलात, मन हळवं झालंय तुमचं,” मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या छातीवरचा पितळी बिल्ला काढून घेतला. मारापेक्षा तो घाव त्याला जास्त लागला. बिल्ल्यावर तालुक्याचं नाव कोरलेलं होतं आणि तो चिंचेने घासून लखलखीत ठेवलेला होता. तो टेबलावर टाकून मी म्हणालो, “आता हा तुझा नाही. मामलेदारांना आजच कळवतो.” त्याने बिल्ल्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच न विचारता बोलायला लागला.

“ल्ह्या, सायेब. मीच मारली तिला. पोर गेल्यापासनं ती निस्ती रडायची. मी तालुक्यासनं दमूनभागून यायचो, तर चूलबी पेटल्याली नसायची. त्या दिशी माजं डोस्कं फिरलं. म्हणलो, ‘रडून जीव खाऊ नगं, जा, मर कुटं तरी.’ ती काय बी बोलली न्हाय. उटली, तांब्या घेतला आन् गेली. मी मागनं गेलो तर काठाव निस्ता तांब्या. माज्या बोलण्यानं गेली ती, सायेब. म्हंजी मीच मारली की.”

“तांब्या का लपवलास?”

“कुणी बघितला तर समदी म्हणतील, जीव दिला तिनं. मग तिला बाहीर काढून फाडणार तुमी. रोज जातो मी काठाला. वर आली आसती तर मीच गुमान माती दिली आसती.”

मी लेखनिकाला म्हणालो, “लिही. मीच माझ्या पत्नीस ठार मारले.” मधलं काही लिहू दिलं नाही. त्याने खाली सही केली. कोतवालाच्या मानाने अक्षर वळणदार होतं.

पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला माहीत होतं. प्रेत मिळवणं भाग होतं. कोठडीची मुदत वाढवून घेतली, नदीत गळ टाकले, कोळ्यांच्या होड्या फिरवल्या. पावसाळ्याची नदी, तिने काही दिलं नाही. मुदत संपल्यावर कोतवालाची रवानगी तुरुंगात झाली. प्रेताशिवाय खून शाबित करायचा म्हणून मी परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी जुळवत बसलो. वरिष्ठांनी पाठ थोपटली. मेहुणा एकदा येऊन गेला, म्हणाला, “सायेब, तुमी व्हता म्हणून माज्या भनीला न्याय मिळंल.”

भाद्रपद उलटत आला तेव्हा जिल्ह्याच्या मुख्य कचेरीतून एक लखोटा आला. आत कर्नाटकातल्या एका सरकारी महिलागृहाच्या अधीक्षिकेचं स्मरणपत्र होतं, टंकलिखित आणि इंग्रजीत. जमादारांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं. आषाढात रेल्वे पोलिसांनी एक बाई आणून दिली आहे, होटगीला गाडीत बसून आलेली. आधी काहीच बोलत नव्हती, आता पुष्कळ बरी आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं अमुक गाव सांगते. नवऱ्याचं नाव घेत नाही, पण तो गावचा कोतवाल आहे असं म्हणते. इंग्रजीत ‘साऊथ’ हा शब्द पूर्ण अक्षरांत होता. पुढे लिहिलं होतं की याआधीही आम्ही आपल्याकडे मराठीतून पत्र पाठवलं होतं, ते तपास न लागता परत आलं. ते मूळ पत्र सोबत जोडलं आहे.

मी अजून मूळ पत्र पाहिलं नव्हतं. मला वाटलं, कुठल्या गाढवाने परत पाठवलं असेल? आता त्याच्यावर अहवाल करतो.

जमादारांनी पान उलटलं. खालचा शेरा वाचला आणि कागद माझ्याकडे फिरवून म्हणाले, “साहेब, सही बघा.”

शेरा असा होता: ‘मजकूर गाव उ. सोलापूर तालुक्यातील. आमची हद्द नाही. पुढील कार्यवाहीस्तव संबंधित ठाण्याकडे वर्ग.’ खाली माझी सही, तारीख. मेहुणा सायकलवरून ठाण्यात आला त्याच्या बारा दिवस आधीची तारीख.

आवक बारनिशी, म्हणजे आलेल्या टपालाची वही, काढून पाहिली. तीत त्या दिवशी वीस-बावीस कागदांची नोंद होती. मला बंदोबस्ताला निघायचं होतं, जीप दारात उभी होती. ‘रा.’ पुढचं गाव आणि ‘ता.’ पुढचं अक्षर एवढंच मी वाचलं आणि शेरा मारला. पुढच्या ओळीत कोतवालाचा उल्लेख होता, तिथवर मी गेलोच नव्हतो. लिहिणारीचा हात कन्नडला सरावलेला, अक्षरं गोलसर. ‘द’चं पोट जरा फुगलेलं होतं. मी त्याला ‘उ’ वाचलं. पुढे कित्येक दिवस मी तो कागद उजेडात धरून बघत असे, त्यात कुठून तरी ‘उ’ दिसतो का म्हणून. एकदाही दिसला नाही. शाळेतल्या पोराने वाचला असता, इतका स्वच्छ ‘द’ होता.

ज्यांच्याकडे मी तो कागद ढकलला त्यांनी आपलं काम चोख केलं होतं. त्यांच्या तालुक्यातल्या त्याच नावाच्या गावी माणूस गेला, तिथल्या कोतवालाच्या बायकोला गाठलं आणि तिचा रीतसर जबाब जोडून पाठवला: ‘मी माझे घरी सुखरूप असून कोठेही गेलेली नाही.’ खाली तिचा अंगठा. त्या जबाबावर कुणाला हसू येत असेल तर मी त्याला दोष देणार नाही. मी तो मात्र शेवटपर्यंत वाचला.

मी लगेच ट्रंक कॉल लावला, बाईची खात्री करून घेतली. मेहुण्याला बोलावून एका हवालदाराबरोबर तिला आणायला पाठवलं. तो इतका आनंदला होता की दाजीचं नावसुद्धा काढायचं विसरला, मग दारातून परत फिरला आणि म्हणाला, “सायेब, दाजीला सोडा आता. त्येच्या पाया पडतो मी आल्याव.” मी कोर्टात कलम १६९ चा अहवाल दिला, आरोपीविरुद्ध पुरावा नाही, सोडून द्यावं. दुसऱ्या दिवशी दुपारी हुकूम झाला.

कोर्टाच्या आवारात मी स्वतः त्याच्यासमोर उभा राहिलो. तो आणखी वाळला होता. मी म्हणालो, “ऐक. तुझी बायको जिवंत आहे. खरंच सापडली आहे. परवा सकाळच्या गाडीने येतेय.”

त्याने हात जोडले आणि म्हणाला, “व्हय, सायेब.”

“अरे, खरं सांगतोय. तुझा मेहुणा आणायला गेलाय.”

“व्हय, सायेब.”

मार खाल्लेला माणूस सगळ्याला जसं ‘व्हय’ म्हणतो, तसं ते होतं. मी दगडाला जरी देव म्हणालो असतो तरी तो ‘व्हय’ म्हणाला असता. मी खिशातून बिल्ला काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो पाहिलासुद्धा नाही. मी त्याला ते पत्र दाखवलं. तो कागदाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होता, आता या साहेबाला माझ्याकडून आणखी काय काढायचं आहे, हे शोधल्यासारखा.

जमादारांनी मला बाजूला घेतलं. “साहेब, ह्याला दोन दिवस ठाण्यातच ठेवू या. माझ्या खोलीवर झोपंल, दोन घास खाईल. बाई आली की दोघांना संगं धाडू. ह्याचं लक्षण मला बरं दिसंना.”

मी म्हणालो, “जमादार, कोर्टाने सोडलेल्या माणसाला ठाण्यात अडकवून ठेवायचा आपल्याला अधिकार नाही.”

कायद्याने ते बरोबर होतं. खरं कारण मात्र हे की तो माझ्या डोळ्यांसमोर नको होता.

तो चालत गावाला गेला. गावात त्याच्याशी कुणी बोललं नाही. खुनी म्हणून नेलेला माणूस परत का आला हे गावाला कुणी सांगितलेलं नव्हतं. तेही माझंच काम होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस पाटलाचा सांगावा आला. काठावर त्याच्या वहाणा, टोपी आणि बिल्ला नीट ओळीने मांडून ठेवलेले होते. कोळ्यांना तो फार लांब सापडला नाही.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. खुनाचा गुन्हा ‘क समरी’त निकाली निघाला, म्हणजे तो कुणी मुद्दाम खोटा दाखल केलेला नव्हता, गैरसमजुतीने दाखल झाला होता. माझ्याकडे खुलासा मागितला गेला. ‘अक्षर संदिग्ध असल्याने वाचनात चूक झाली’ असं मी लिहून दिलं आणि ते मान्य झालं. पुढे मला वेळेवर बढतीही मिळाली.

नंतरच्या काळात हाताखाली नवे फौजदार आले की मी त्यांना सांगत असे, कागद शेवटपर्यंत वाचा, तालुका पूर्ण लिहा, हद्द मागाहून बघा. ते मान डोलवत. मी कशामुळे सांगतो हे कधी कुणाला सांगितलं नाही. डाव टाकून माणसाला फसवणं मी त्यानंतर सोडलं, त्यामुळे माझ्याकडे तपासाला असलेले दोन-तीन गुन्हे उघडकीला आलेच नाहीत. त्याचं मला वाईट वाटत नाही. एकदा माणसाचा आपल्यावरचा विश्वास असा मोडला की आपण खरं बोलायला लागल्यावरही तो खोटंच ऐकतो. हे शिकायला मला एक जीव लागला आणि तो माझा नव्हता. या शिकण्याचं समाधान मानावं असं मला कधी वाटलं नाही. या प्रकरणात समाधान मानावं असं काही नाहीच.

ती आली त्या सकाळी मी होटगी स्टेशनात जीप घेऊन गेलो होतो. आदल्या रात्री महिलागृहात फोन लावला, पण ती मंडळी तिथून आधीच निघाली होती. म्हणून गाडीतून उतरेपर्यंत त्यांना काहीच माहीत नव्हतं. हवालदाराने खाली उतरून मला सलाम केला. माझं तोंड बघून मेहुण्याला काही तरी समजलं. जमादार त्याला खांद्याला धरून पाण्याच्या नळाकडे घेऊन गेले. मी आणि ती फलाटावर राहिलो.

ठेंगणी, सावळी बाई. महिलागृहाने दिलेलं पांढरं-निळं लुगडं नेसलेली, केस नीट विंचरलेले. डोळे अगदी शहाण्या माणसाचे होते. तिने वाकून मला नमस्कार केला.

“भाऊ म्हणला, तुमी शोदून काडलं मला, सायेब. लई उपकार झालं.”

मी जीप उभी होती तिकडे बोट दाखवलं.

तिने फलाटावर इकडेतिकडे पाहिलं, मग पदर सारखा करत विचारलं, “मी येतीया म्हणून त्येंला सांगितलं का?”

“सांगितलं,” मी म्हणालो.

“मग काय म्हणलं?”

“व्हय म्हणाला.”

ती लाजून हसली आणि गाडी बाजूला होऊन रूळ मोकळे होण्याची वाट बघत उभी राहिली. नळाकडून तिच्या भावाचा रडण्याचा आवाज आला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. माझी सही कुठल्या कागदावर आहे, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही आणि पुढेही सांगायला गेलो नाही. ती आज कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. तिच्या लेखी मी अजूनही तिला शोधून आणणारा साहेबच असेन.